दुप्पट जागेचा उपकार

तिसऱ्या मजल्यावरच्या मापाडीणबाईंनी साहेबाच्या डोक्यात कॉम्प्युटर घातला, साहेबाला तीन टाके पडले आणि बाईंची नोकरी गेली, अशी बातमी मंगळवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या शिंप्याने फोडली. बुधवारी सकाळपर्यंत तीनाचे सात टाके झाले होते. शिंपीच तो, टाके घालताना हात आखडता कशाला घेईल?

खरं इतकंच, की बाईंनी साहेबांच्या टेबलावर चहाचा कप आपटला आणि कपाचा कान तुटला. बाईंच्या खात्यातला कॉम्प्युटर उचलायलाच दोन माणसं लागतात. डोक्यात घालायचा तर साहेबाला धरायला तिसरा लागेल. आणि नोकरी कुठेही गेली नव्हती. जायची वेळ आली होती ती बाईंच्या नावलौकिकाची.

मापाडीण हे नाव इमारतीनेच ठेवलेलं. लिफ्टमध्ये आठ माणसांची पाटी असली तरी बाई माणसं मोजत नाहीत, नजरेने वजन करतात आणि पाचव्यालाच म्हणतात, "तुम्ही पुढच्या फेरीला या." पाचव्या मजल्यावरच्या वकीलकाकू त्या दिवसापासून जिनाच चढतात. रागाने का होईना, चार किलो उतरल्या.

नोकरीही मापाचीच. शहरातली अडतीस रुग्णालयं कॉम्प्युटरच्या एका जाळ्याने जोडलेली आहेत. त्या जाळ्यावर एक यंत्रणा पहारा देते. जोडणीच्या प्रत्येक डब्याला, डब्याच्या केबल खुपसायच्या प्रत्येक तोंडाला दर मिनिटाला विचारते, "बरं आहे ना?" आणि आलेलं उत्तर लिहून ठेवते. ह्या पहारेकऱ्याला केवढं यंत्र लागेल, ते बाईंनी ठरवायचं. त्यांनी दोन महिने खपून हिशेब मांडला होता. बाराशे डबे, प्रत्येकाला तीसेक तोंडं, तोंडामागे सहा प्रश्न. म्हणजे मिनिटाला दोन लाख सोळा हजार उत्तरं. तीही सगळं आलबेल असताना. वाईट दिवशी हेच डबे एकदम बोंब ठोकतात, तेव्हा माप वाईट दिवसाचं घ्यायचं. म्हणून कागदावर बारा वेगवान डिस्का, ह्याच यंत्रात, आणि खाली दोन रेघा मारून: 'दुसऱ्या कोणाशी वाटून घ्यायच्या नाहीत.'

मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. बाई चार दिवस रजेवर गेल्या, आणि साहेबांनी हिरव्या शाईचं पेन काढलं.

परत येऊन बघतात तर बारा डिस्का खोडलेल्या. पहारेकऱ्याचं सगळं लिखाण कचेरीच्या सामायिक साठवणीत नेलेलं, जिथे अख्ख्या कचेरीच्या फायली, जुनी पत्रं आणि साहेबांच्या सहलीचे व्हिडिओ गुण्यागोविंदाने नांदतात. बाई धावत केबिनमध्ये गेल्या.

"अहो साहेब, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? तुम्ही सहा टेराबाइट मागितले, मी बारा दिले. दुप्पट! आभार मानायचे सोडून..."

"जागा नव्हती हो कमी! लिहायचा वेग हवा होता. गोदाम केवढंही असू दे, दार एकच आणि दारात सगळ्या कचेरीची रांग. माझी उत्तरं आत जाणार कधी?"

"बाई, तुम्हाला जास्त दिलेलंही खुपतं," साहेब हसून म्हणाले. उपकार करणाऱ्या माणसाला समजावणं देवालाही जमलेलं नाही.

सोमवारी सकाळी खोदकामात एका मोठ्या रुग्णालयाची मुख्य केबल तुटली. बाराशे डब्यांतले दोनशे एकदम ओरडायला लागले. उत्तरं दारात तुंबली. नियंत्रण कक्षातला भला मोठा पडदा मात्र हिरवागार. कारण तो जे दाखवत होता ते चाळीस मिनिटांपूर्वीचं. पहारेकरी शपथेवर सांगत होता की सगळं ठीक आहे, आणि तिकडे मुख्य परिचारिका तपासण्यांचे कागद हातात घेऊन सहा मजले चढत-उतरत होत्या. रुग्ण सगळे सुखरूप राहिले. परिचारिकाबाईंचे गुडघे तेवढे राहिले नाहीत.

मंगळवारी साहेबांनी अहवाल पुढे सरकवला. 'कारण: यंत्राच्या मापनातील चूक.' खाली बाईंच्या सहीची जागा. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सही करा. पुढच्या आठवड्यात तुमच्या बारा डिस्का गुपचूप बसवून देतो," साहेब हळूच म्हणाले. "तुम्हाला यंत्र मिळालं, मला शांतता मिळाली."

कप आपटला तो इथे.

संध्याकाळी घरी बाईंनी भांडी अशी घासली की खालच्या मजल्याला वाटलं, बॅण्ड आला. यजमानांचं चष्म्याचं दुकान. ते जपून म्हणाले, "तुमच्या साहेबाला लांबचं दिसत नाही गं, एवढंच."

"त्याला नाकासमोरचं दिसत नाही! बावीस वर्षं झाली मला. एक माप चुकलेलं दाखवा. आणि हा माझ्या नावावर खापर फोडतोय, तेही वर डिस्का देऊन!"

"मग कानाखाली वाजवायचीस की," सासूबाई डोळ्यावरचा हिरवा पडदा सारून म्हणाल्या.

"आई, ऑफिस आहे ते."

"ऑफिसात कान नसतात का?"

यजमान म्हणाले, "घे गं डिस्का. यंत्र तरी चालेल." बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून उगाचच चष्मे पुसू लागले. पण शब्द मात्र आत रुतला. सही केली तर रुग्णालयांचा पहारेकरी आठवड्यात शुद्धीवर येईल. नाही केली तर साहेब महिनोन्महिने अडवून धरेल. बाईंना रात्रभर ह्याचाच राग येत राहिला, की असा तराजू त्यांच्या हातात देणारा तो कोण?

बुधवारी अकराला बैठक. टेबलाच्या टोकाला संचालिका, शेजारी गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या मुख्य परिचारिका, समोर साहेब. बाईंनी आपला मूळ कागद टेबलाच्या मधोमध ठेवला. दोन रेघा, आणि त्यावरून गेलेली हिरवी शाई.

"ही खाडाखोड कोणाची?" संचालिकांनी विचारलं.

साहेबांनी टाय सैल केला. "ती... सुधारणा होती मॅडम. सगळ्यांनी मिळून केलेली. जागा दुप्पट दिली होती मी."

"मिळून म्हणजे कोणी? ह्या बाई होत्या का?" परिचारिकाबाईंनी विचारलं.

"मी सासूबाईंच्या उशाशी होते," बाई म्हणाल्या. "आणि डिस्का पहारेकऱ्याच्या यंत्रात आजच बसायला हव्यात. त्या माझ्या सहीच्या बदल्यात येणार असं काल ठरत होतं, तेही मॅडमच्या कानावर असू द्या."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी अहवाल बाईंपुढे ढकलला आणि वर आपलं पेन ठेवलं.

"विषय वाढवू नका हो बाई. एका सहीने असं काय बिघडतं?"

"काहीच बिघडत नाही," बाई म्हणाल्या. "मग तुम्हीच करा."