मागून आलेला हॉर्न

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारा मी माणूस. आजही मी असलं काही मानतो असं म्हणणार नाही. पण इथले अनुभव वाचून हसणारा मीच आज लिहायला बसलोय. त्यामुळे ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा... मला राग येणार नाही.

आम्ही करावे गावातले. सीवूड्सचे टॉवर उभे राहिले तरी आमच्या घराचं तोंड अजून खाडीकडेच आहे. वडील सायकलवरून मासळी विकायचे. त्यांच्या सायकलची जाड पितळी घंटी मी माझ्या महागड्या सायकलला लावली होती. सायकलिंग ग्रुपमधले मित्र चिडवायचे, पण तसा आवाज दुसऱ्या कुठल्याच सायकलचा नाही.

दोन वर्षांपूर्वी मला स्टेंट बसला. त्यानंतर किनाऱ्याकिनाऱ्याने श्रीवर्धनला सायकलवर जाऊन यायचं खूळ डोक्यात शिरलं, तेव्हा घरादाराने मला वेड्यात काढलं. माझी बायको वैशाली तेवढी म्हणाली की जा, पण मी गाडी घेऊन सोबत येणार. डॉक्टरांच्या मागे लागून परवानगी तिनेच मिळवली. केळी, चिक्की, ओआरएस सगळं तिनेच भरलं आणि नियमही तिनेच केले. ती गाडी पुढे नेऊन थांबणार. मी तिच्याजवळून पुढे जाताना दोनदा घंटी वाजवणार, म्हणजे तिला कळणार की हा गेला. आणि तिने एक लांब हॉर्न दिला की मी असेन तिथे उतरायचं. वाद नाही.

निघताना आईने बजावलं, “नारल दिल्याबिगर जाव नको.” मी टाळाटाळ करत होतो, तर वैशाली स्वतः जेटीवर जाऊन खाडीला नारळ देऊन आली. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर सगळ्यांनी पहिलं तेच विचारलं.

ट्रिप झकास चालली होती. छातीत दुखणं नाही, पंक्चर नाही. फक्त मुरूडला गाडीचा हॉर्न बिघडला... घसा बसल्यासारखा घोगरा वाजायला लागला. माझ्यावर ओरडून ओरडून बसलाय, असं मी म्हणालो आणि वैशाली पोट धरून हसली. ते हसणं मला अजून आठवतं.

शेवटच्या दिवशी मी रेवसहून सायकल बोटीत टाकून करंज्याला उतरलो. वैशाली गाडी घेऊन पेणवरून वळसा घालून आली. उरणला भेटून वडापाव खाल्ला. न्हावा शेव्याच्या मोठ्या रस्त्यावर कंटेनरवाले ट्रेलर अंगावर येतात, म्हणून खाडीलगतचा जुना रस्ता धरू असं ठरलं. थोडं पुढे ती कडेला थांबली होती, थर्मासमधला चहा पीत. मी दोनदा घंटी वाजवली, तिने खिडकीतून हात केला. ऊन कलतं झालं होतं, पण चांगला लख्ख उजेड होता. दोन्ही बाजूंना तिवरांची दाट झाडी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. घर आलंच होतं म्हणा ना.

मी बराच पुढे गेलो असेन... आणि मागून हॉर्न आला. लांब आणि घोगरा. इतक्या जवळून, की अंगावर गाडी आली असं वाटून मी रस्त्याच्या कडेला झालो. उतरलो. मागे वळून बघितलं.

रस्ता रिकामा होता. सरळसोट रस्ता, पार लांबवर दिसणारा. फोन लावला, नुसती रिंग वाजत राहिली. छातीत धस्स झालं — स्टेंटवालं नव्हे, दुसरंच — आणि मी सायकल उलटी फिरवली.

गाडी रस्त्यावरून दिसतही नव्हती. कडेच्या मातीत टायरच्या खुणा होत्या म्हणून थांबलो. तिवरांच्या आड ती नाकावर चिखलात रुतली होती. भरती चढत होती. आत वैशालीच्या कमरेपर्यंत पाणी, पाय खाली चेपलेला, डोळे मिटलेले. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. पलीकडच्या काठावरून दोन कोळी होडी घेऊन आले, त्यांनीच दरवाजा उचकटला. हॉर्न ऐकूनच आलात ना, असं मी त्यांना विचारलं. त्यातला एक म्हणाला, “धडाम आयकला, होरी वलवली. हॉर्न काय वाजला नाय.”

थोडा उशीर झाला असता तर पाणी डोक्यावरून गेलं असतं. वैशाली वाचली. डावा पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला.

हॉर्नची गोष्ट गावात पसरली. देव पावला, खाडीने नारळाची जाण ठेवली, असं जो तो म्हणत होता. आणि खरं सांगतो, मीही मानायला लागलो होतो. हॉस्पिटलच्या पायरीवर बसून मी हात जोडून रडलोय.

मग वैशाली नीट बोलायला लागली. हॉर्नचं सांगितलं तर म्हणाली, मी दाबलाच नाही, तेवढा वेळच कुठे होता?

“तुम्ही मागे कसे राहिलात?” तिने विचारलं.

“मी कुठे मागे होतो? मी तर पुढे गेलेलो.”

“घंटी वाजवलीत ना. दोनदा. अगदी कानाशी. तुम्ही तर पुढे गेलेले, मग मागून कसे, म्हणून मी वळून बघितलं... आणि गाडी गेली.”

मी तिचा हात धरून बसलो.

आता सांगा. ज्याने मला तिच्याकडे परत पाठवलं आणि ज्याने तिला खाली घातलं, तो एकच होता का? एक असेल तर हात कशाला जोडायचे? आणि दोन असतील, तर दोघांनाही आमच्या घरातल्या खुणा कोणी सांगितल्या? आईने पुन्हा नारळ द्यायला सांगितलं, पण माझा हात उचलेना.

घंटी काढून कपाटात ठेवलीय. सायकल पुतण्याला दिली. वैशाली कुबड्यांवर हळूहळू चालते, कुरकुर करत नाही. पण आतल्या खोलीतून तिने हाक मारली, की मी लगेच उठत नाही. आधी विचारतो — तूच ना?

ती हो म्हणते. आणि मी दारात जाऊन उभा राहिलो, की माझ्याकडे नीट बघून तीही तेच विचारते.