सुधीरभाऊंचे पातळ बूट

चार माणसं रोज सकाळी एकत्र पळायला लागली, की तब्येत सुधारायची तेव्हा सुधारते, किस्से मात्र पहिल्या आठवड्यापासूनच जमायला लागतात! आमच्या अमरावतीच्या ग्रुपमधले निम्मे किस्से एकट्या सुधीरभाऊंचे आहेत, आणि तेही त्यांनी पातळ तळव्याचे बूट घेतल्यापासूनचे. सुधीरभाऊ बडनेऱ्याला रेल्वेत आहेत. गुडघा दुखायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पळणं सोडा. यांनी पळण्याऐवजी जाड बूट सोडले! पायाला जमीन कळली की गुडघा वाचतो, असं त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं.

त्यावर त्यांच्या बायकोने, म्हणजे उज्ज्वलावहिनींनी, अट घातली. "अकोल्याले दहा किलोमीटरची शर्यत हाय न? न लंगडता पळून दाखवा, मंग जन्मभर पळा. लंगडले तर बूट भंगारात अन् पळणं बंद!" अकोला हे वहिनींचं माहेर. म्हणजे लंगडलेच तर सासरच्या सगळ्यांदेखत लंगडणार! आणि सुधीरभाऊ नसतील तर आमच्या ग्रुपमध्ये उरतं काय?

*

बूट घ्यायला सुधीरभाऊ आणि मी राजापेठेत गेलो. दुकानदाराने चांगला जाडजूड बूट काढून अंगठ्याने दाबून दाखवला. "दादा, गादी हाय गादी!"

"मले गादी नाही पाहिजे. पातळ दाखव. खालचा गोटा पायाले लागला पाहिजे."

दुकानदाराने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "गोटाच लागाले पाहिजे, तर बूट काहून घेता?"

शेवटी ऑनलाइन मागवले. खोका इतका हलका, की वहिनींनी डिलिव्हरीवाल्याला दारातच थांबवलं. "भाऊ, रिकामा डबा देऊन चालले तुमी!" मग खोका उघडला, दोन्ही बूट हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले, तरी त्यांचं समाधान होईना.

"हे तर आतले सुखतळे हायेत. बूट कुठं हाय?"

*

अशा बुटांत सुरुवातीला थोडंथोडं पळायचं असतं. सुधीरभाऊ पहिल्याच दिवशी नेहमीइतके पळाले. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या, की जिना चढता यायचा पण उतरता येईना. मग बडनेरा स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या ते कठडा धरून उलटे उतरायला लागले. अंगावर रेल्वेचा युनिफॉर्म! मागून येणारे एक आजोबा थबकले, आणि गाठोडं सांभाळत तेही उलटे फिरले. त्यांचं पाहून मागच्या दोन बायका फिरल्या.

"काकाजी, तुमी काहून उलटे?" सुधीरभाऊंनी विचारलं.

"साहेबच उलटे उतरून राहिले, मंग नवा नियम असन न!"

*

धामणगाव रेल्वे या गावी ग्रुपमधल्या एकाचं लग्न होतं. सुधीरभाऊंनी कोटाखालीसुद्धा तेच बूट घातले! वहिनी दिवसभर त्यांच्यापासून चार हात लांब चालत होत्या. जेवायला बसताना सगळ्यांनी जोडे मंडपाबाहेर काढले. जेवून येतो तर चोराने सगळे साफ केलेले. नवरदेवाच्या मामाचे कोरे बूटही गेले. जागेवर एकच जोडी उरली होती, सुधीरभाऊंची, आणि तीही बाजूला नीट जोडून ठेवलेली.

आम्ही सगळे अनवाणी, आणि रडवेले झाले सुधीरभाऊ!

"चोरानं हातात घेऊन पाहिले बे! अन् परत ठेवले!"

वहिनींना इतका आनंद झाला, की त्या पुन्हा आत जाऊन जिलबी खाऊन आल्या.

*

आता अकोला. शर्यतीच्या सकाळी मी त्यांच्या बरोबरीनेच पळत होतो, आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या गुडघ्याकडे. गुडघा एकदम गप्प! शेवटचं वळण घेतलं, तर सासरचं घर रस्त्यालाच. दारात रांगोळी, पाट, आणि आरतीचं ताट घेऊन सासूबाई उभ्या!

"काकू, शर्यत चालू हाय!" मी ओरडलो.

"असू द्या न! जवाई दारावरून जाईन, अन् मी तसंच जाऊ देऊ काय?"

सासूबाईंपुढे सुधीरभाऊंचं काय चालणार! बूट काढून ते पाटावर उभे राहिले. कुंकू लागलं, ओवाळून झालं, तोंडात अख्खा पेढा कोंबला गेला. खाली पाहतात तर बूट गायब! धाकटी मेहुणी दारामागून हसत होती. ताईच्या लग्नात तिला बूट पळवता आले नव्हते, ते तिने आज साधलं.

"ताईच्या नावाचा उखाणा घ्या जीजाजी, मंग बूट भेटतीन!"

मागचे लोक भराभर पुढे जात होते आणि उखाणा काही सुचेना. सुधीरभाऊंनी हात जोडले आणि अनवाणीच सुटले!

फिनिश दिसायला लागलं. वहिनी तिथे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आणि नेमका तिथेच सुधीरभाऊंच्या टाचेत काटा घुसला. शेवटची रेघ त्यांनी एका पायावर उड्या मारत ओलांडली.

"लंगडले!" वहिनी म्हणाल्या.

सुधीरभाऊ टाचेकडे बोट दाखवत राहिले. तोंडात अजून पेढा!

तेवढ्यात मेहुणी स्कूटीवरून बूट घेऊन आली. वहिनी रस्त्यावरच खाली बसल्या. नवऱ्याचा पाय मांडीवर घेतला, काटा उपटला, बहिणीच्या हातातून बूट हिसकावले आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या पायात चढवले.

"इतके चांगले बूट असताना अनवाणी काहून पळून राहिले होते तुमी?"