आईपुढं ठेवलेली विडी

देवीनं मला काही दिलं की नाही, हे मला पुष्कळ वर्षं ठरवता आलं नाही. मी तिच्याकडं नवऱ्याचं आयुष्य मागितलं होतं आणि नवरा गेला. त्यानंतर बराच काळ मी देवळाची पायरी चढले नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, लिहायची सवय नाही. पण झालं ते झालं तसं सांगते.

आम्ही साताऱ्याकडचे. लग्न झालं आणि मालक पलटणीत गेले. लढाई संपल्यावर परत आले ते खोकला घेऊन. तोफांजवळ राहून कानानं कमी ऐकू यायचं, आणि विडीवाचून घटकाभर निभत नव्हतं. सांगलीला हळदीच्या वखारीवर पहाऱ्याचं काम मिळालं म्हणून आम्ही नदीजवळ खोली घेतली. उठल्या उठल्या विडी, चहावर विडी, जेवल्यावर तर दोन. बोलायला तोंड उघडलं की खोकल्याची उबळ यायची आणि वाक्य अर्ध्यात तुटायचं. मग त्यांनी बोलणंच सोडलं. पाणी हवं, जेवण हवं, सगळं हातानं दाखवायचे. डॉक्टरांनी नळी लावून छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, छाती फार खराब झाली आहे, विडी सुटली तर थोडे दिवस पदरात पडतील, नाही तर हा पावसाळा निघणं कठीण.

मी बंडलं लपवली, त्यांनी नवी आणली. भांडले, रडले. माझ्या गळ्याची शपथ घातली तर माझ्यासमोर ओढायचे थांबले आणि वखारीमागं जाऊन ओढू लागले. माझ्या हातात जेवढं होतं तेवढं करून मी थकले.

त्या दिवसांत एका शुक्रवारी त्यांना घेऊन घाटावरच्या देवीला गेले. पायऱ्या उतरतानाच त्यांना धाप लागली. देवळाच्या उंबऱ्याशी बसून खोकत राहिले. शेजारी एक म्हातारी पिशवी घेऊन नावेची वाट बघत बसली होती. तिनं बराच वेळ त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आवं दादा, लय खोकताय. आईम्होरं इडा ठेवा आन् पाया पडा. पुढचं तिचं ती बघंल."

इडा म्हणजे विडा. दोन पानं, वर सुपारी. गाऱ्हाणं घालताना देवीपुढं ठेवतात. मी नीट ऐकलं होतं. मालकांच्या कानाला ते 'इडी' असं ऐकू आलं. त्यांनी कानावर खोचलेली विडी काढली, गाभाऱ्याशी गेले, देवीच्या पायाशी ठेवली आणि डोकं टेकलं.

मी गप्प बसणारी बाई नव्हे. सासूला तोंडावर बोललेली, मुकादमाशी भांडलेली. विडी नव्हे, विडा, एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण जीभ हलली नाही. ती कुणी धरली ते मला आजही सांगता येणार नाही. मी मागं वळून बघितलं तर म्हातारी नावेत बसली होती. पुन्हा कधी ती घाटावर दिसली नाही.

गुरव मात्र हसला. "पाव्हणं, आई काय इडी वडती व्हय?"

"माझी वडून झाली," मालक म्हणाले. "आता तिला दिली."

"मग काडीबी ठिवा की. पेटवायची कशानं तिनं?"

त्यानं थट्टा केली होती. मालकांनी खरोखर खिशातली काडेपेटी काढून विडीशेजारी ठेवली.

देवाला ठेवलेलं परत उचलायचं नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून तलफ आली की ते एक विडी घेऊन घाटावर जायचे, ठेवायचे आणि यायचे. जाऊन येईपर्यंत तलफ ओसरायची. पहाऱ्यावर असताना जाता येत नव्हतं, तेव्हा लवंग दाताखाली धरायचे. सकाळची विडी सगळ्यांत चिवट. तिच्या वेळेला मी गरम पाण्यात ओवा टाकून द्यायची. जेवण झालं की त्यांना बसू द्यायची नाही, हातात वाख द्यायची दोरी वळायला. हात रिकामा राहिला की तो खिशाकडं जातो. वखारीवरच्या गड्यांनाही मी जाऊन सांगितलं, यांना कुणी विडी देऊ केली तर गाठ माझ्याशी आहे. पहिले दिवस फार वाईट गेले. चिडायचे, ताट सरकवायचे, अंथरुणात नुसते बसून राहायचे. थोरले दीर वारले तेव्हा स्मशानातून येताना एक ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आपले आपणच उठले आणि विडी घेऊन घाटावर गेले. हळूहळू घाटावरच्या खेपा कमी झाल्या. शेवटी नुसतेच हात जोडून येऊ लागले.

पावसाळा निघाला. दिवाळीनंतर खोकला उतरला. गेला नाही, पण दोन उबळींमध्ये अंतर पडलं. आणि त्या अंतरात मालक बोलायला लागले. मी भाकऱ्या थापायची आणि ते चुलीशेजारी बसून सांगायचे. पलटणीतलं, जहाजावरचं, तिकडच्या बर्फातलं. लहानपणी आईच्या मागं मळ्यात कसे जायचे ते. आमची पहिली मुलगी ते लढाईवर असताना झाली आणि तेव्हाच गेली होती. तिचा चेहरा कसा होता हे त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. दोघंही रडलो. लग्नाला एवढी वर्षं झाली होती, पण हा माणूस मला त्या हिवाळ्यात भेटला.

उन्हाळ्यात छातीत पाणी झालं आणि ते गेले. विडी सोडली तरी गेले, असं लोक म्हणाले. मीही तेच म्हणत होते. देवीवर माझा राग होता आणि तो मी लपवला नाही. मग एकदा एकटीच भाकरी थापताना ध्यानात आलं, की तो हिवाळा मी मागितलेला नव्हता. मला मागायचं सुचलंच नसतं. मी वर्षं मागत बसले आणि तिनं त्यांचं बोलणं दिलं. त्या दिवशी जाऊन देवीपुढं डोकं टेकलं.

ते वारले त्याच्या आदल्या संध्याकाळी मला परदेशातल्या एका बाईबद्दल सांगत होते. तिनं बर्फात त्यांना दारात उभं केलं आणि आत जाऊन काहीतरी घेऊन आली. काय आणलं ते सांगायच्या आत धाप लागली. उद्या सांगतो म्हणाले. तिनं काय आणलं असेल हे मला कधी कळणार नाही. देवीआईला मी ते विचारतही नाही.