भिंतीवरची जिती माणसं

साऱ्या खानदेशात उन्हाला शिव्या न देणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा थोरला साडू होता. मे महिन्यात जळगावला डांबर चपलेला चिकटतं, कुत्री नळाखालच्या ओलीतून हलत नाहीत, आणि हे गृहस्थ भर दुपारी बाराला छत्री मिटून काखेत मारायचे आणि वर बघून म्हणायचे, "आजचं पाहा साडूभाऊ, कसं चोख पडून राह्यलं." सावद्याच्या बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. घरची केळीची बाग भावांनी सांभाळायची आणि बागेतली सावली यांनी, अशी वाटणी त्या घरात न बोलता झालेली होती. केळीच्या पानांतून गाळून येणारा उजेड मुंबईच्या कुठल्याही स्टुडिओत मिळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेल्या माणसालाही ते सायकलवर डबलसीट घालून बागेत नेत. सरकारी कचेरीत अर्जावरच्या चेहऱ्यामागे केळीचं पान दिसलं की अर्जदार सावद्याचा, हे कारकून पत्ता न वाचता ओळखायचा.

माणूस समोर आला की ते आधी त्याचा चेहरा पाहत आणि मग तो कोण आहे ते. मी मुलगी पाहायला गेलो त्या दिवशी आमची पहिली भेट झाली, तेव्हा नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून त्यांनी माझी हनुवटी धरून मान दाराकडे वळवली आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, "डावी बाजू बरी आहे." सासऱ्यांनी तेवढ्यावर होकार दिला, असं माझी बायको आजही म्हणते. लग्नाचे फोटो काढायला मात्र त्यांना बोलावणं म्हणजे हौसेनं विंचू पाळणं. फैजपूरच्या एका लग्नात त्यांनी जाजमावर बसलेल्या म्हाताऱ्या काढल्या, उठून गेलेल्या पंगतीच्या पत्रावळी काढल्या, आणि नवरीचा फोटो एकच, तोही पाठमोरा. नवरीचा बाप अल्बम उलटासुलटा करून म्हणाला, "भाऊ, आमची पोरगी कुठी आहे यात?" साडू शांतपणे म्हणाले, "ती जाणार होती ना, म्हणून जाताना घेतली." घरात त्यांची डार्करूम म्हणजे न्हाणीघर. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, पाहुण्यांना दारातच बजावायची, "आंघोळीची घाई करू नका. आधी यांची माणसं वाळू द्या."

फोटोंची पुस्तकं ते रद्दीच्या दुकानातून हुडकून आणत. बहुतेक इंग्रजी, काही तर कुठल्या भाषेतली ते दुकानदारालाही ठाऊक नसे. साडूंचं इंग्रजी माझ्या संस्कृतइतकंच, पण "वाचायचं कायले? पाहायचं आहे," असं म्हणून ते एकेक पान तासभर बघत. मुंबईत फोटोंचं प्रदर्शन लागलं की रात्रीच्या पॅसेंजरनं जात, एकाच फोटोसमोर दिवस काढत आणि त्याच रात्री परत येत. धुळ्याला एक जुना स्टुडिओ बंद पडला, तेव्हा तिथल्या काचेच्या निगेटिव्ह आणायला ते मला घेऊन गेले. मालक त्या काचा धुऊन खिडक्यांना बसवणार होता. साडूंनी सगळ्या काचा वाळलेल्या केळीच्या पानांत गुंडाळून खोक्यात भरल्या आणि खोकं एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "आबा, खोकामा काय शे?" साडू म्हणाले, "जुनी माणसं आहेत. ड्रायव्हरले सांग, दमानं घे." कंडक्टर बिचारा शेवटपर्यंत त्या खोक्याकडे वळून वळून पाहत होता.

या माणसाच्या मनात एकच गोष्ट होती. स्वतःच्या फोटोंचं एक प्रदर्शन व्हावं आणि ते जाणत्या माणसानं पाहावं. दहा वर्षं खपून त्यांनी सावद्याच्या म्हाताऱ्या माणसांचे चोवीस फोटो जमवले होते, सगळे बागेत काढलेले, सगळे काळे-पांढरे. मी जळगावच्या एका शाळेत मास्तर. शाळेचा हॉल माझ्या शब्दावर मिळाला. मुंबईच्या एका कलाशाळेतले प्राध्यापक धुळ्याला निघाले होते. त्यांनी वाकडी वाट करून जळगावला उतरून फोटो पाहायचं कबूल केलं आणि पसंत पडले तर मुंबईत लावू असंही लिहिलं. ते पत्र साडूंनी इतक्या जणांना दाखवलं की त्याच्या घड्या फाटल्या.

आता आमच्याकडची रीत अशी, की जित्या माणसाचा फोटो अल्बमात राहतो. तो मोठा होऊन काळ्या चौकटीत भिंतीवर चढतो, तो माणूस गेल्यावर. आम्ही दोघंही याच रीतीत वाढलेले, पण फोटोंच्या चौकटी करून आणताना एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. पहिल्या दिवशी लोक दाराशी चपला काढून आत येऊ लागले. मला वाटलं, काय ही कलेची कदर. मग एकानं हात जोडले, एका बाईनं उदबत्ती लावली, आणि एक गृहस्थ साडूंचा खांदा दाबून म्हणाले, "एवढी सगळी एकदमच गेली का हो?" मी हसून हसून बेजार झालो. साडू हसले नाहीत. ते प्रत्येकाला सांगत होते, "आहेत, सगळे आहेत. तुम्ही उजेड पाहा."

फोटोंत सावद्याचे एक नामदेव आबा होते. त्यांची पुतणी जळगावला दिलेली. तिनं काकाला भिंतीवर पाहिलं आणि तशीच एसटीत बसून सावद्याला गेली. स्टँडपासून तिनं जो गळा काढला तो आबांच्या ओट्यापर्यंत, आणि ओट्यावर आबा कांदा-भाकर खात बसलेले. तिसऱ्या दिवशी आबा चार माणसं घेऊन शाळेत हजर. "मले भिंतीवर चढवलं?" ते म्हणाले, "अजून माह्या केयीचे घड कापायचे आहेत." साडू त्या वेळी प्राध्यापकांना आणायला स्टेशनवर गेलेले. हॉलमध्ये गर्दी, आरडाओरडा, आणि दारात आमचे मुख्याध्यापक. ते नुसते माझ्याकडे पाहून निघून गेले.

आबांनी फक्त स्वतःचा फोटो मागितला होता. मी चोवीसच्या चोवीस उतरवले. माझे हात इतके भराभर चालत होते की अर्ध्या तासात सगळे वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून कोपऱ्यात गेलेसुद्धा.

साडू प्राध्यापकांना घेऊन आले तेव्हा भिंतीवर खिळे होते. मी घडलेलं सांगितलं. साडूंनी गाठ सोडायचा प्रयत्न केला, ती सुटेना. गाडी उशिरा आली होती आणि प्राध्यापकांची धुळ्याची बस वीस मिनिटांत होती. त्यांनी सुतळीतून ओढून काढलेले वरचे दोन कसेबसे पाहिले, "छान आहेत, पुन्हा सवडीनं बघू," म्हणाले आणि गेले. ती सवड कधी आली नाही. साडू मला एवढंच म्हणाले, "बरं केलं साडूभाऊ. तुमची नोकरी आहे आठी, या शाळेत." ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर त्यांनी बागेत एकही फोटो काढला नाही. पासपोर्टवाले स्टुडिओतल्याच पडद्यापुढे बसू लागले. मग वर्षामागून वर्षं गेली आणि फोटोतली माणसं खरंच जाऊ लागली. कोणी गेलं की तेराव्याच्या आत घरचं माणूस स्टुडिओत यायचं आणि खाली मान घालून विचारायचं, "भाऊ, तो मोठा फोटो आहे का अजून?" साडू चौकट पुसून स्वतः घेऊन जायचे, स्वतः खिळा ठोकायचे आणि घरच्यांना सांगायचे, "हार थोडा आखूड करा, हात दिसू द्या." तक्रार करणाऱ्या आबांचाही फोटो असाच गेला, आणि पुतणीच तो मागायला आली होती.

साडूंच्या अखेरच्या आजारात मी सावद्याला गेलो. वर्षानुवर्षं गिळलेलं एकदाचं बोलून टाकलं. म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी मी सगळे उतरवायला नको होते." ते खाटेवर उशीला टेकून बसलेले. म्हणाले, "त्याचं काय घेऊन बसले? मले एकच विचारायचं होतं. उतरवताना तुम्ही एकदा तरी पाह्यले होते का?"

"पाहिले ना," मी म्हणालो.

"कोणता आवडला?"

"आबांचा," मी घाईघाईनं म्हटलं.

"आबाचा सगळ्यांलेच आठवतो," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मी खोटं बोललो होतो. मी खिळे पाहिले होते, दार पाहिलं होतं, मुख्याध्यापकांचा चेहरा पाहिला होता. हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलं हे मला कळलंय, हेही त्यांना ठाऊक होतं. महिन्याभरात ते गेले.

आता सावद्याला गेलो की मी एकेका घरी जाऊन बसतो. भिंतीवर तो फोटो असतो, काचेला कुंकू असतं. खुरप्याच्या मुठीवर टेकलेला हात, कानामागे खोचलेली विडी, पानांतून गालावर उतरलेला उजेड, सगळं मी आता सावकाश बघतो. चहा निवून जातो. घरच्यांना वाटतं, गेलेल्या माणसाचा मला फारच लळा असला पाहिजे.