साठ पौंड हवा

घरी नाही, दफ्तरातल्या दोस्ताईले नाही, देवापुढं बसूनही नाही — ही गोष्ट म्या आजपर्यंत कोणाजवळच काढली नाही. तुमच्याजवळ काऊन काढून राह्यलो? मलेच ठाऊक नाही. जैनथच्या मंडल दफ्तरात कारकून होतो मी. जिंदगी गेली लोकाईचे जवाब लिहून घेण्यात — बांध कोणं कोरला, झाड कोणं तोडलं. समोरचा खोटं बोलाले लागला का आंगठा टेकवाच्या आधीच मले समजे. अन् माहा स्वतःचा जवाब? तो कोराच राह्यला.

गोष्ट टायरची आहे. हसू नका. त्या टायरपायी — नाही, टायर कशाले म्हणू, माह्या एका शब्दापायी — एका पक्क्या कारागिराचा आपल्याच हातावरचा भरोसा उडाला. हे पैलेच सांगून टाकतो, नाहीतर मी इकडचं तिकडचं बोलत बसीन. सवयच आहे तशी.

राजन्ना त्याचं नाव. आदिलाबादच्या रस्त्याले त्याचं टायरचं दुकान होतं. माह्याहून दहा वर्सांनं मोठा, घरची बोली तेलुगू, पण मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात बोले. मी त्याले अन्ना म्हणो, तो मले सार. डोळे मिटून टायरच्या आत बोटं फिरवाचा, वैद्यानं नाडी पाहावी तसा, अन् सांगाचा — हा अजून दोन पावसाळे काढते, हा भंगारात टाका. नागपूरकडच्या लाऱ्या वाट सोडून त्याच्या बोटांसाठी येत. भांडखोर तर असा का बस! अन् माह्या पोरीसाठी खिशात टायरच्या वालवरच्या रंगीत टोप्या जपून ठेवाचा. लय जीव होता माहा त्याच्यावर. अजूनही आहे. म्हणूनच तर सांगणं एवढं जड जाऊन राह्यलं.

तवा आपला जिल्हा आंध्रातच होता, अन् आमच्याकडं सोयाबीन नवंनवं आलतं. म्या एक हलका, जुना पिकप घेतला अन् एक छोटा हडंबा — सोयाबीन काढाची मशीन, तिचं तिलेच इंजीन, खाली दोन चाकं. पिकपच्या मागं हुकाले अडकवाची अन् गावोगाव न्याची. दफ्तराले सुट्टी असली का मीच ड्रायव्हर. पिकपले टायर पाह्यजे होते. मले पसंत पडले ते रुंद, काळेभोर, चमकणारे. अन्नानं माह्याकडं असं पाह्यलं का बस.

“सार, हे नवरदेव मिरवाले ठीक आहेत. तुमाले हडंबा ओढाचा आहे. उतारावर तो मागून ढकलते, त्याचं वजन हुकावर बसते. ते कोण झेलन? तुमचं दफ्तर?”

मंग त्यानं आठ प्लायचे, म्हंजे आठ थराचे, जाड बाजूचे टायर काढले. चढवता चढवता दहादा बजावलं — मागं साठ पौंड हवा, एक पौंड कमी नाही. हा टायर जाड आहे, हवा कमी झाली तरी बाहेरून बसलेला दिसणार नाही. पण वजन पडलं का आतल्या आत जळत जाईन. ऐकलं म्या. कारकून माणूस, शब्द न् शब्द आठवते.

त्या वर्सी दसऱ्याच्या आधी पोरीले अक्षराभ्यासाले बासरच्या सरस्वतीकडं न्याचं होतं. माय सोबत. मायच्या कंबरेत चमक, अन् रिकाम्या गाडीले ते टायर म्हणजे दगडाची चाकं! एकेका खड्ड्याले माय कण्हे. निर्मलच्या अलीकडं म्हणाली, “बापू, देवीकडं नेतं का मसणात?” म्या गाडी बाजूले घेतली, वाल काडीनं दाबला अन् मागच्या दोन्ही टायरातली अर्धी हवा सोडून दिली. अरे बाप्पा, काय मऊ चालली गाडी! माय झोपून गेली. पोरगी मांडीवर पाटी घेऊन गाणं म्हणत होती. देवीपुढं पुजाऱ्यानं तिचा हात धरून पैलं अक्षर काढलं तवा माह्या डोळ्याले पाणी आलं. ते पाप होतं का? नाही. मायसाठी हवा काढली त्याचं मले आजही काही वाटत नाही.

पण भराची तर होती ना परत?

अष्टमीले कटाळा केला. नवमीले अन्नाच्या दुकानात पूजेचं बोलावणं होतं. त्या दिवशी हत्याराले कोणी हात लावत नाही — हवेच्या मशीनीले हार, पान्याईले कुंकू, जॅकपुढं नारळ. अन्नानं माह्या पिकपच्या टायराईलेही कुंकवाचं बोट लावलं. अर्ध्या हवेच्या टायराले! टायर उभेच दिसत होते, त्याले कसं समजन? मी बाजूले उभा. सांगाचं होतं फक्त — अन्ना, हवा म्या काढली. त्यानं चार लारीवाल्यापुढं माही इज्जत काढली असती, अन् मंग हार बाजूले सारून मशीन चालू केली असती. माह्यासाठी पूजा मोडली असती त्यानं, हे मले पक्कं ठाऊक होतं. पण चार लोकांत बोलणी कोण खाईन? म्या प्रसाद खाल्ला अन् निघालो.

दुपारून आभाळ भरून आलं. नदीकडच्या एका गावात सोयाबीनची गंजी उघडी पडलती, निरोपावर निरोप. म्या हडंबा जोडला. आठवण नव्हती असं म्हणू? होती. हुक लावता लावता होती. म्हटलं, जाऊ द्या, चालते.

नाल्याच्या उतारावर मागचा टायर फुटला. पिकप आडवा झाला, हडंबा उताणा. माणसाले खरचटलंही नाही, पण शेतातले लोक धावत आले अन् पैलं वाक्य निघालं — अन्नाचा टायर, अन् फुटला? ते वाक्य माह्याआधी आदिलाबादले पोचलं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच अन्ना स्वतः आला, फटफटीवर. कपाळावर टिळा तसाच. फुटक्या टायरात हात घातला. डोळे मिटले. लय वेळ बोटं फिरवली. बाहेर काढली तर त्याईले जळल्या रबराचा काळा भुगा लागलता. त्यानं ती बोटं एकमेकांवर घासली, अन् माह्याकडं पाह्यलं — संशयानं नाही हो, आशेनं.

“सार, हवा बराबर होती ना?”

म्या म्हटलं, “हौ. साठ.”

बस. एवढंच. तुमाले वाटन, बस एवढंच? त्याची बोटं त्याले खरं सांगत होती. अन् तो माणूस — त्यानं बोटाईले खोटं ठरवलं अन् मले खरं धरलं. बोटं धोतराले पुसली. म्हणाला, “मंग माह्या हाताले समजेनासं झालं, सार.” माही पाठ थोपटली, जीव वाचला म्हणून.

त्यानंतर कोणी टायर दाखवाले आणला का तो म्हणे, कंपनीच्या कागदावर पाहा, मले नका विचारू. डोळे मिटून बोटं फिरवणं त्यानं सोडलं. लाऱ्या दुसरीकडं जाऊ लागल्या. अन् माहा चहा? तो चालूच होता, रोज संध्याकाळी, त्याच्याच दुकानात. मी पितही होतो.

मांगच्या साली त्याच्या पोरानं स्वतःसाठी पिकप घेतला, पाण्याची टाकी ओढाले. अन्ना आता थकला, दुकानापुढं स्टुलावर बसून राह्यते. पोरानं विचारलं, बाबा, टायर कोणते घेऊ? अन्नानं माह्याकडं बोट केलं — सारले विचार. म्या सगळं सांगितलं. जाड बाजू, आठ प्लाय, हुकावरचं वजन, मागं किती हवा, कमी झाली तर आत काय होते. त्याचेच शब्द, त्याच्याच पोराले, त्याच्याच समोर. अन्ना कौतुकानं मान हलवत ऐकत होता. शेवटी पोराले म्हणाला, “पाह्यलं? सारचं ऐकत जा. मले हे जमलं नाही.”

मी तिथं बसलो होतो. म्या त्याच्या चहाचा घोट घेतला.