पांढऱ्याला दिलेलं आवतण

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या भागात बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना पळसाच्या पानानं हळद-तूप चोळायचं आणि प्रत्येक बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एकदा आवतण दिलं की तो बैल घरचा पाहुणा. मी पांढुर्ण्याच्या मास्तरांची मुलगी. सौंसरजवळच्या या शेतकरी घरात लग्न होऊन आले, तेव्हा मला याचं हसू यायचं. माणसांना कुणी धड या-बसा म्हणत नाही, आणि बैलांना मात्र रीतसर बोलावणं.

छप्पन साली भाषेवार नवी राज्यं झाली, त्याच्या आधीच्या पोळ्याला माझं ते हसू गेलं.

त्या पावसाळ्यात आसपासच्या गावांत बुळकांडी आली होती. गुरांच्या तोंडात फोड, डोळ्यांतून धार, जुलाब, आणि पाहता पाहता गोठा रिकामा. माझे यजमान गुरांचे सरकारी डॉक्टर. नागपूरहून बर्फात घातलेली लस यायची, ती घेऊन ते गावोगाव फिरायचे आणि चिखलानं माखून तसेच परत यायचे. त्यांची सायकल दिसली की लोक गुरं रानात हाकलून देत. सुईनं बैल निकामी होतो, असं सगळीकडे पसरलं होतं. चावडीवर बसणारी मंडळी आपला तालुका नागपूरकडे जाणार की भोपाळकडे, यावर घसा कोरडा करायची. लशीचा विषय निघाला की धोतर झटकून उठायची.

शेवटी यजमानांनी ठरवलं, लोकांना डोळ्यांदेखत दाखवायचं. एका बैलाला लस द्यायची, त्याच्याच जोडीच्या दुसऱ्याला द्यायची नाही, आणि मग दोघांनाही आजारी जनावराजवळ बांधायचं. वरच्या साहेबांची परवानगी मिळाली. पण बैल देणार कोण? भर चावडीत माझे सासरे म्हणाले, "माही नवी जोडी ने."

कबऱ्याला लस टोचली. पांढऱ्याला नाही.

"पांढराच का?" मी विचारलं.

"तो पलीकडे उभा होता," यजमान म्हणाले.

या उत्तराचा मला भयंकर राग आला. आजही येतो. "तो मरणार हे तुम्हाला माहीत आहे," मी म्हणाले. "मग माहीत असलेलं दाखवायला जीव कशाला घ्यायचा?"

"मला माहीत आहे. गावाला नाही."

चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंनी मध्येच विचारलं, "हे लस कायची करतेत?"

"बकऱ्याच्या अंगात रोग वाढवून," यजमान म्हणाले.

"मंग तो बकरा मरते?"

"हो."

"त्याले कोणी आवतन देत नाही, म्हणून त्याचं काहीच नाही का?"

यजमान भरल्या ताटावरून उठले. मला त्या बकऱ्यांचा विचार शिवलाही नव्हता, आणि आव मात्र मोठा न्यायाचा आणला होता. त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. भाकरी थापता थापता उठायची, गोठ्यात जायची, पांढऱ्याच्या पाठीवरून हात फिरवून परत यायची. "काहून फिरून राहिली अशी?" सासूबाई विचारायच्या.

पांढऱ्याला आवतण द्यायचं नाही, असं मामाजींनीच, म्हणजे माझ्या सासऱ्यांनीच, बजावलं होतं. तो पोळ्यानंतर आजारी जनावराजवळ बांधायला जायचा होता. त्याला पाहुणा करून घेणं त्यांना नको होतं. खांदे शेकायच्या संध्याकाळी मामाजी वाटी घेऊन गोठ्यात शिरले. पहिल्या बैलापासून सुरुवात केली. खांदा चोळायचा, कानाशी वाकायचं, पुढे सरकायचं. जन्मभराची हाताची सवय. कबरा झाला, आणि हात आपोआप पांढऱ्याच्या खांद्यावर गेला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मामाजी वाटी धरून तसेच उभे राहिले.

"बाबा, आवतण उद्याच्या जेवणाचं आहे," यजमान हळूच म्हणाले. "उद्या जेवू घालू. परवा नेतो."

बोलणं चोख होतं, आणि म्हणूनच मला ते सहन होईना.

"पाहुण्याले जेवू घालून मराले धाडू?" मामाजी म्हणाले.

"नका धाडू. मग बाकीच्या गोठ्यांचं काय करू, ते सांगा."



दुसऱ्या दिवशी पांढऱ्याची शिंगं रंगवली, पाठीवर झूल घातली. तो तोरणाखाली उभा राहिला आणि घरी येऊन त्यानं मामाजींच्या हातून पुरणपोळी खाल्ली. मामाजी जेवले नाहीत. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, माझ्या माहेरी जाम नदीवर गोटमार असते, दोन काठांच्या लोकांची दगडफेक. सगळा मुलूख तिकडे लोटला होता. आमच्या अंगणात मामाजींनी स्वतः दोन्ही कासरे सोडले आणि मुलाच्या हातात दिले. "म्या चावडीत शब्द देल्ला, आन् याच्या कानातही देल्ला," ते म्हणाले. "एक मोडनंच आहे."

पांढरा बुळकांडीनं गेला. कबरा त्याच आजारी जनावराशेजारी कडबा खात उभा राहिला. लोक येऊन पाहून गेले, आणि मग आपापली गुरं घेऊन आमच्या दारात उभे राहू लागले. आमच्या आणि शेजारच्या गावांतले गोठे वाचले. हे खरं आहे, आणि ते मला नाकारता येत नाही. थंडी पडू लागली तेव्हा आमचा तालुका भोपाळच्या राज्यात राहिला आणि नागपूर परक्या राज्यात गेलं. नातवंडं विचारतात, आजोबांनी केलं ते बरोबर होतं का? मी सकाळी एक उत्तर देते आणि संध्याकाळी दुसरं.

पुढच्या पोळ्याला मामाजींनी हळद-तुपाची वाटी यजमानांच्या हातात ठेवली. "यंदा तू दे," एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता.

यजमानांनी कबऱ्यापासून सुरुवात केली. खांदा नीट चोळला आणि कानाशी वाकले. लशीबद्दल गावोगाव घसा फोडून बोललेला माणूस, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. कबऱ्यानं सवयीनं कान त्यांच्याकडे वळवून धरला होता, आणि तो तसाच वाट पाहत उभा राहिला. मामाजी जवळच होते. त्यांनी वाटी परत घेतली नाही.