आठवा घोडा

लग्नाला अठरा वर्षं झाली, पण सासूबाईंच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द मला मिळाला नव्हता. नेदरलँड्समध्ये हूफडॉर्पला घर घेतलं तेव्हा त्यांनी पुण्याहून फोनवर एकच काम सांगितलं होतं. "हॉलमध्ये सात धावत्या घोड्यांचं चित्र लावा, जावईबापू. तोंडं घराच्या आत हवीत." वर्षभर मी ते साफ विसरलो. आठवलं ते त्या यायच्या आदल्या दिवशी. सायकल काढली आणि क्रिंगलोप, म्हणजे जुन्या वस्तूंचं दुकान, गाठलं.

तिथे देवच पावला. नक्षीदार लाकडी फ्रेममध्ये धुरळा उडवत येणारे घोडे. बोट लावून मोजले, बरोबर सात. प्रत्येकावर निळ्या कोटातला, गळ्यात पिवळा रुमाल बांधलेला अमेरिकन घोडदळाचा शिपाई होता. पण स्वार चालत नाहीत असं काही सासूबाई म्हणाल्या नव्हत्या. ते धूड काखेत घेऊन सायकलवरून येताना वाऱ्याने मला दोनदा कालव्याकडे वळवलं.

"बाबा, हे कोण?" मुलीने इंग्रजीत विचारलं. पंधरा वर्षांची आहे, मराठी कळतं, उत्तर मात्र तिच्या सोयीच्या भाषेत.

"शूर लोक," लहानपणी टीव्हीवर मिळवलेल्या ज्ञानाच्या जोरावर मी म्हणालो.

"शूर? हे तिथल्या मूळ लोकांच्या वस्त्यांवर चालून गेले. चित्रांत मात्र नेहमी हेच बिचारे घेरलेले. आणि त्या घोडदळात काळे शिपाईसुद्धा होते. इथे एक तरी दिसतो?"

मी चष्मा लावून पाहिलं. नव्हता.

"आजीसमोर यातलं काही बोलू नकोस," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या, चित्रासमोर उभ्या राहिल्या. "आठ आहेत."

"सातच, आई. मी मोजलेत."

"मग हा खाली पडलाय तो कोण?"

कोपऱ्यातल्या धुरळ्यात चारी पाय वर केलेला एक घोडा होता. मी त्याला खडक समजलो होतो.

"धावते सांगितले, तुम्ही पडलेला आणलात. वर ही पलटण."

आता मुलीला राहवेना. तिने सगळा इतिहास आजीला सांगितला, तोही चक्क मराठीत. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे दुसऱ्याच्या घरात घुसणारे," त्या म्हणाल्या. "आणि त्यांची तोंडं तुम्ही आपल्याच घराकडे केलीत."

मग त्यांनी बॅगेतून एक गुंडाळी काढली. सात घोडे, बिनस्वारांचे. माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून पुण्याहूनच आणलेले. ते फ्रेमवर धरून पाहिले, तर अगदी मापात बसले.

"फ्रेम मात्र छान शोधलीत हो."

शिपाई आता संडासात आहेत, इथल्या प्रत्येक घरात तिथे टांगलेलं असतं त्या वाढदिवसांच्या कॅलेंडरशेजारी. रोज सकाळी मी आणि तो आठवा घोडा समोरासमोर असतो. कॅलेंडरवर सासूबाई आल्या त्या तारखेपुढे मी बारीक अक्षरात 'फ्रेम' असं लिहून ठेवलंय.